भाडल्याचे अडीच आणि आमच्या गच्चीवरचे चार

संपादक महोदय, स. न. वि. वि.

'सौर वीज कोळशाहून स्वस्त, अडीच रुपये युनिट' अशा आशयाचं कात्रण घेऊन आमचे एक सभासद गेल्या रविवारी सर्वसाधारण सभेत उभे राहिले. मी सोसायटीचा खजिनदार. गच्चीवरच्या 10 किलोवॅट संचाची वीज आपल्याला 4 रुपयांना पडते, असं मी नुकतंच वाचून दाखवलं होतं. "मग वरचा दीड रुपया कुणाच्या खिशात?" हा त्यांचा प्रश्न. सभेत हशा पिकला. मला मात्र रात्री झोप आली नाही.

आकडा खोटा नाही. राजस्थानातल्या भाडला सौर पार्कच्या लिलावात मे 2017 मध्ये 2.44 रुपयांची बोली लागली होती. त्याआधी सहा-सात वर्षं हाच भाव बारा रुपयांच्या घरात होता. पण ही शेकडो मेगावॅटच्या प्रकल्पाच्या दारातली, उन्हाच्या वेळेची घाऊक किंमत. ती नेरूळच्या मीटरपर्यंत यायची तर गळती, वहन आकार, स्थिर आकार, वीज शुल्क, सगळं तिच्या डोक्यावर बसतं. वाशीच्या मार्केटातला कांद्याचा भाव सांगून दारावरच्या भाजीवाल्याशी भांडावं, तसं हे झालं.

आमचा हिशेब असा. संच 5 लाखांचा. सोसायट्यांना किलोवॅटमागे 18 हजारांचं केंद्राचं अनुदान आहे, म्हणजे 1 लाख 80 हजार वजा. उरलेले 3 लाख 20 हजार वीस वर्षांवर वाटले तर वर्षाला 16 हजार. तेच पैसे मुदत ठेवीत असते तर 7 टक्क्यांनी 22,400 मिळाले असते. हा खर्च कंत्राटदार कधीच दाखवत नाही. धुणं, देखभाल आणि पुढे बदलाव्या लागणाऱ्या इन्व्हर्टरची तरतूद 12 हजार. तिन्ही मिळून वर्षाला 50,400. वर्षभरात वीज झाली 12,600 युनिट. करा भागाकार. (ढगाळ जुलैतल्या विजेचा आकडा तर मी सभेत सांगितलाच नाही. आणि पॅनेलवर घाण करणाऱ्या कबुतरांचा हिशेब कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.)

अनुदान नसतं तर हीच वीज पावणेसहाला पडली असती. तरीही लिफ्ट-पंपाच्या मीटरचं बिल सगळे आकार धरून युनिटला तेरा रुपयांच्या वर येतं, तेव्हा सौदा फायद्याचाच. मात्र आमची लिफ्ट खरी धावते संध्याकाळी सातनंतर. दुपारी महावितरणला दिलेली वीज नेट मीटरिंगमुळे बिलातून वळती होते, म्हणून हे जमतं. तो नियम बदलला तर माझी वही पुन्हा उघडावी लागेल.

कात्रण मी फाइलला लावून ठेवलं आहे. पुढच्या वेळी सौर विजेचा भाव छापाल तेव्हा तो प्रकल्पाच्या दारातला की गच्चीवरचा, अनुदान धरून की सोडून, एवढं कंसात तरी छापा.

आपला,
एक खजिनदार, नेरूळ, नवी मुंबई