मालीशवाल्या मावशींना जाहीर पत्र

ती. मावशी,
सा. न.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही. सूनबाई वाचून दाखवतील आणि अर्ध्यातच तुम्ही "बास झालं गं" म्हणून चहा ठेवायला उठाल. म्हणूनच सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे तुम्ही उठलात तरी बाकीचे वाचतील. दादर ते लालबाग कितीतरी घरांतली बाळं तुमच्या पायांवर पालथी पडून न्हायली. त्या घरांनी पैसे दिले, बारशाला साडी दिली, आणि सव्वा महिना झाला की विषय संपला. कागदावर कुणी काही लिहून दिल्याचं तुमच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

आम्ही हॅम्बुर्गला गेलो तेव्हा जो तो विचारायचा, मुंबईचं काय आठवतं? मी वडापाव म्हणायचे, कारण तेच उत्तर सगळ्यांना हवं असतं. वडापाव घरी करता येतो हो. दारावरची बेल घरी करता येत नाही. दादरला सकाळी सहापासून ती वाजायची: दूध, पेपर, फुलपुडी, कचरा, भांडीवाल्या ताई, दहाच्या सुमाराला इस्त्रीवाला. तेव्हा वैताग यायचा. तिकडे बेल वाजली तर कुणाचं तरी पार्सल आलेलं असतं, तेही बहुतेक शेजाऱ्यांचं. रविवारी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि ड्रिल मशीन चालवलं तर शेजारी तक्रार करणार. सुरुवातीला ही शांतता मला फार आवडली होती. मूल होईपर्यंत.

ऑक्टोबरच्या शेवटी लेक झाली. आईला बाबांचं डायलिसिस सोडून येता येत नव्हतं, सासूबाई आता नाहीत. जर्मनीला नावं ठेवायला जागा नाही, हे आधी सांगते. तिथे हेबामे म्हणजे सुईण बाळंतिणीच्या घरी येते, पहिले दहा दिवस हवी तर रोज, आणि पैसे सरकारी आरोग्य विमा भरतो. आमची सुईण शांत, हुशार, कामाला पक्की. तिने पाण्यात थर्मामीटर घालून ३७ अंश दाखवले, आठवड्यातून एकदोनदा अंघोळ पुरे म्हणाली, साबण नकोच म्हणाली. सगळं पटलं. पण ती अर्ध्या तासाने जायची, दार लागायचं, आणि आम्ही दोघं एका तीन किलोच्या जिवाकडे बघत बसायचो.

आईने तुम्हाला हे सांगितलं असणार. कारण एके दिवशी सकाळी आठला आईचा व्हिडिओ कॉल आला आणि पडद्यावर तुम्ही. तुमच्याकडे साडेबारा वाजलेले, सकाळची घरं आटपून तुम्ही आमच्याकडे टेकलेल्या. आमच्याकडे बाहेर नुकतंच उजाडलेलं. नमस्कार-चमत्कार काही नाही. "पोर दाखव," म्हणालात. मग, "नाळ पडली का? नीट सुकलीय ना? मग उद्यापासून सुरू करू."

सुरू कसं करणार, हा पुढचा प्रश्न. तिकडच्या बाथरूमला मोरी नसते. जमिनीला उतार नाही, पाणी जायला जाळी नाही, खाली पाणी सांडलं तर पुसत बसायचं. पाट नाही, आणि तांब्या म्हणून मोजायचा प्लास्टिकचा मग. तुम्ही फोन फिरवून सगळं बाथरूम बघितलंत आणि निकाल दिलात: टबात बसायचं, खाली टॉवेलची घडी, पाठ भिंतीला, पाय लांब. मला टाके होते, मला बसता येणार नव्हतं. "मग जावईबापू बसतील की," इतक्या सहज म्हणालात की त्याला नाही म्हणायला सवडच मिळाली नाही.

त्याने आयुष्यात कधी बाळ हातात धरलेलं नव्हतं. खोबरेल तर बाटलीत दगड झालेलं, थंडीत तिकडे ते थिजूनच बसतं. बाटली गरम पाण्यात ठेवा, तेल आधी तुमच्या तळव्यावर चोळा, मग तिच्या पोटऱ्यांना लावा, हात खालून वर. दाब किती द्यायचा हे तुम्ही आईच्या दंडावर करून दाखवायचात आणि आई "हां, एवढाच" म्हणून सांगायची. त्याने जरा जोर केला की तिकडून ओरडा: "अहो, कणीक मळताय का?" कोपर बुडवून पाणी बघा. सुईणही पुढच्या वेळी हेच म्हणाली, थर्मामीटर नसेल तर कोपर. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "मग, ती पण कामाचीच बाई आहे ना."

मला एक गोष्ट फार आवडली, ती इथे सांगतेच. जुनं ते सगळं सोनं, असा तुमचा हट्ट नव्हता. नाकाकानात तेल नको, टाळूवर थापून भरू नको, डॉक्टर नको म्हणतात तर नको. धुरीचं मीच विचारलं होतं. तिकडे घराघरात छताला धुराचा अलार्म लावणं कायद्याने सक्तीचं आहे, तो वाजला असता तर अख्खी इमारत खाली उतरली असती. तुम्ही म्हणालात, धुरी राहू दे, पोरीच्या छातीला धूर कशाला. कोवळं ऊन मात्र दाखव. ऊन? नोव्हेंबरात हॅम्बुर्गला? तिकडे बाळांना पहिलं वर्षभर ड जीवनसत्त्व रोज देतात, ते याचसाठी. हे सांगितल्यावर तुम्ही पहिल्यांदा गप्प झालात.

माझ्या खाण्याचीही उलटतपासणी व्हायची. तूप मुंबईहून नेता येत नाही, दुधाचे पदार्थ सामानातून युरोपात न्यायला बंदी आहे. म्हणून तिकडचं लोणी कढवलं. डिंक एका मैत्रिणीच्या बॅगेतून आला. नारळ चक्क चालतो. ताजी फळं न्यायला सरकारी दाखला लागतो, पण नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियनला सूट आहे. अळिवाचं तर तुम्हाला खरंच वाटेना. जर्मन लोक तेच बी ओल्या कापसावर पेरतात, खिडकीत ठेवतात आणि कोवळी पानं कातरून पावावर घालतात. खीर कुणी करत नाही. "करून घाल की त्या सुईणीला," म्हणालात. घातली. तिने वाटी चाटून पुसून संपवली.

हे तुम्ही थंडीभर केलंत, दुपारची झोप मोडून. आणि पैसे घेतलेत. आधी आढेवेढे घेतलेत, पण आईने महिन्याचा नेहमीचा दर लावून पाठवला तेव्हा घेतलेत, याचं मला बरं वाटलं. मुंबईत आपण "त्या काय, घरच्यासारख्याच" म्हणतो आणि दर तिथेच ठेवतो. शिकवणं हेही कामच. तुमचे हात तिथे पोचत नव्हते, तेव्हा त्या हातांना काय काय ठाऊक आहे ते तुम्ही शब्दांत सांगितलंत. रोज करणाऱ्याला ते सांगणं किती कठीण जातं, हे मी स्वतः ऑफिसात नव्या लोकांना शिकवताना बघते.

आता लेक चालते. कालच मुंबईत उतरलोय. रविवारी दुपारी लालबागला येऊ. तिला पायांवर घ्यायचा प्रयत्न करू नका, ती निसटते आणि लाथा मारते. तुमच्यासाठी काय आणू विचारलं तेव्हा सूनबाईंकडून निरोप आला, गुडघ्याला लावायचं मलम. आणलंय. साडीसुद्धा आणलीय, तुम्ही सांगितली नव्हती तरी.

आणखी एक काम आहे. आमच्या खालच्या मजल्यावर नाशिकचं एक जोडपं राहतं, त्यांच्याकडे जूनमध्ये पाळणा हलणार आहे. मुलगा आमच्या ह्याच्याकडे येऊन टबात बसायचं कसं हे आत्तापासून विचारतोय. तुमचा नंबर त्यांना देऊ का? उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ एक तास पुढे जातं, त्यामुळे तुमच्या साडेबाराला त्यांचे नऊ वाजलेले असतील. दर तुम्हीच सांगा, आणि जरा वाढवून सांगा.

तुमची,
दादरची, सध्या हॅम्बुर्गची