या गणपतीला मी येत नाहीये, म्हणून हे पत्र

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

मुद्द्याचं आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना आईला धडधड नको. मी रोमला आणखी एक वर्ष राहायचं ठरवलंय. कोर्स संपतोय, पण जुन्या दगडी वास्तूंच्या जतनाचं काम करणाऱ्या एका गटात मला घेतलंय आणि मी होकार कळवला आहे. त्यामुळे यंदा गणपतीला मी घरी नसेन. फोनवर सांगितलं असतं तर आई नुसतं "बरं" म्हणाली असती आणि बाबांनी हवापाण्याची चौकशी केली असती. त्या "बरं"ची मला फार भीती वाटते.

पैशासाठी थांबत नाहीये हं. स्टायपेंडमधून खोलीचं भाडं आणि जेवणखाण निघेल, एवढंच. इथेच कायमचं राहायचं असंही काही मनात नाही. गोंदवल्याहून परतताना गाडीत मी बाबांना परत येईन म्हणाले होते, ते अजून तसंच आहे.

आई, तू विचारलं होतंस, रोज त्या चर्चमध्ये काम करून तुझं मन तिकडेच वळलं तर? इथल्या लॅटरन चर्चजवळ स्काला सान्ता नावाचा एक जिना आहे, त्याचं सांगते. संगमरवराच्या २८ पायऱ्या. येशूला रोमन सुभेदार पिलातापुढे नेलं ते याच पायऱ्यांवरून, आणि सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आईने त्या जेरुसलेमहून इकडे आणल्या, अशी भाविकांची श्रद्धा. चढायचं ते गुडघ्यांवरच. दगड झिजू नये म्हणून १७२३ मध्ये पोपने त्यावर अक्रोडाच्या लाकडाच्या फळ्या बसवल्या. २०१९ मध्ये डागडुजीला त्या काढल्या, तेव्हा खाली पायऱ्यांना खळगे पडलेले दिसले, आणि फटींतून आत सरकवलेल्या चिठ्ठ्या सापडल्या. माणसांनी देवाला लिहिलेल्या. दोनेक महिने लोकांना उघड्या दगडावरून चढू दिलं आणि मग पुन्हा फळ्या बसवल्या.

मी चढले तेव्हा पुढे तुझ्याच वयाची एक बाई होती. दर पायरीला थांबायची, ओठ हलायचे. मग वरच्या पायरीवर तळहात टेकवून आधी उजवा गुडघा, मग डावा. डावा उचलताना श्वास रोखून धरायची. तिच्या मागे मी, आणि माझ्या तोंडात आपोआप अथर्वशीर्ष आलं, तू अंघोळ घालताना म्हणायचीस त्या चालीत. वर पोचेपर्यंत तेच चालू होतं. आई, माझा देव बदललेला नाही. दुसऱ्यांच्या देवापुढे बसल्यावर मला तूच जास्त आठवतेस. तू दिलेली अन्नपूर्णा टेबलावर आहे आणि रविवारी मी तिच्यापुढे तुपाची वात लावते.

बाबा, आता तुमच्यासाठी. सेंट पीटर्स या मोठ्या चर्चमध्ये येशूचा शिष्य पीटरचा बसलेला ब्राँझचा पुतळा आहे. शतकानुशतकं येणारा जाणारा त्याच्या उजव्या पावलाला हात लावतो, कुणी ओठ टेकवतो. त्या पावलाची बोटं झिजून सपाट झालीयेत. मी हात ठेवला आणि थेट पंढरपूर आठवलं. तुम्ही मला काखेत धरून उचललंत, विठोबाच्या पायांवर माझं कपाळ टेकवलंत, आणि मला तुळशीचा नि ओल्या दगडाचा वास आला होता. त्या पायांची झीज थांबावी म्हणून वज्रलेप करावा लागतो. २०२४ मध्ये गाभाऱ्याच्या कामासाठी पदस्पर्श दर्शन बंद होतं, तेव्हा तुम्ही किती कासावीस झाला होतात! मला नेमकं तेच शिकायचंय, बाबा. माणसाला देवाच्या पायांवर हात ठेवता यावा आणि तो दगडही टिकावा. अजून मला ते येत नाही. इथे ते रोज हाताने करणारी माणसं आहेत, म्हणून हे वर्ष.

इथल्या पँथिऑन या प्राचीन देवळाच्या घुमटाला मधोमध जवळजवळ नऊ मीटर रुंदीचं उघडं तोंड आहे. सम्राट हेड्रियनच्या काळातली इमारत, ६०९ मध्ये तिचं चर्च झालं, आणि आजही तिथे मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना, होते. पाऊस सरळ आत पडतो. जमिनीला हलकासा उतार दिलाय आणि पाणी जायला फरशीत भोकं आहेत. भर पावसात मी आत उभी होते आणि डोळ्यांपुढे अंबरनाथ. आपला गाभाराही तसाच, वरून उघडा, पायऱ्या उतरून जायचा. शके ९८२, म्हणजे १०६० चं देऊळ, आणि पिंडीवर अजून रोज पाणी पडतंय. महाशिवरात्रीच्या गर्दीत त्या ओल्या पायऱ्या उतरताना आई माझं मनगट इतकं घट्ट धरायची की बांगडीचा वळ उठायचा. मग बाबा बाहेर उसाचा रस पाजायचे आणि वळावर फुंकर घालायचे. त्या दगडाला हात लावायची माझी इच्छा आहे. पण कच्च्या हाताने नाही. चुकीचं रसायन एकदा लागलं की गेलेलं कोरीवकाम पुन्हा आणता येत नाही.

बाबा, अजून एक गंमत, तुमच्या इतिहास मंडळात सांगा. १३२१ मध्ये आपल्या ठाण्यात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचे चार साधू मारले गेले होते. पुढे ओडोरिक नावाचा इटालियन प्रवासी ठाण्याला आला आणि त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन समुद्रमार्गे चीनला गेला. मी ठाण्याची म्हटल्यावर इथल्या लायब्ररीतल्या आजोबांनी स्वतः त्याच्या प्रवासाचं पुस्तक काढून दिलं. सातशे वर्षांपूर्वीच्या पानावर आपलं गाव बघून मला रडू आलं.

माझी काळजी अजिबात करू नका. पियात्सा व्हित्तोरिओजवळच्या मंडईत तूरडाळ, हिंग, कढीपत्ता सगळं मिळतं. आईचा कुकर मस्त चालतोय, शिट्टी झाली की घरमालकीण आजी दार वाजवून वरणभात मागतात. नळाचं पाणी चांगलं आहे. खोलीत हीटर आहे, निळ्या सुटकेसमधली रजईही आहे. कामाच्या जागेवर हेल्मेट आणि मास्क सक्तीचं आहे आणि परांचीवर एकटीने चढू देत नाहीत. गोडा मसाला दिवाळीपर्यंत पुरेल, उगाच कुणाबरोबर पाठवू नका.

आता माझं ऐका. आई, मी येणार म्हणून तू गुडघ्याचं ऑपरेशन गणपतीनंतर ढकललं होतंस. आता आणखी ढकलायचं नाही. स्काला सान्ताला ज्यांना गुडघ्यांवर जमत नाही, त्यांच्यासाठी बाजूला साधे जिने आहेत, आणि त्यांनी वर जाऊन केलेली प्रार्थना कुणी कमी धरत नाही. तेव्हा यंदा एकवीरेची ओटी दादा-वहिनी भरतील. तू खाली गाडीत बसून हात जोड, एकवीरा आई रागावणार नाही. उकडीचे मोदक एकवीस पुरे. बाकीचे राम मारुती रोडवरून आणा. माळ्यावरचं मखर काढायला स्टुलावर कुणीही चढायचं नाही, वॉचमनला बोलवा.

बाबा, वारीत दिवे घाट चालायचा विचार सोडा. स्टेंटनंतर डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही मला सांगितलं नाहीत, पण वहिनीने सांगितलंय. तिला रागावू नका. कचराळी तलावाला सकाळी फेऱ्या मारा, त्याही ऊन व्हायच्या आत. रक्त पातळ होण्याची गोळी एकही दिवस चुकवायची नाही. "बरं वाटतंय" म्हणून काकांनी बंद केली होती, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटच्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी पानापानाचा फोटो मला पाठवा. सोसायटीतले घाई करतील, करू द्या.

मी डिसेंबरात येतेय. ही रजा होकार देण्याआधीच मागून घेतली होती. येईन ती महिनाभर राहीन, आईला वॉकर घेऊन घरातल्या घरात मीच चालवीन, फिजिओला मीच नेईन. स्वयंपाकही मीच करीन, मीठ कमी पडलं तर बाबांनी गुपचूप खायचं. म्हणून उद्याच दवाखान्यात जा, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीख घ्या आणि त्याच दिवशी कळवा. मला तिकीट काढायचंय.

तुमची,
मनू