वायरलेसवाले काका, तुमच्या वहीसाठी

ससून डॉकच्या वायरलेसवाल्या काकांना,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नकोस, असं तुम्ही बजावून ठेवलंय. म्हणून डॉकवर सगळे ज्या नावाने हाक मारतात तेवढंच लिहिते. पण होडीवर नेट जुळवून दिल्याबद्दल आभाराचं हे पत्र उघड लिहिते आहे, कारण होडीवर बसून नोकरी करू पाहणाऱ्या कुणाच्या तरी ते उपयोगी पडेल. आणि तुम्ही माझ्याकडून घेतलेत ते फक्त कनेक्टर आणि रबरी टेपचे पैसे, हे चार लोकांना कळायलाच हवं.

बायपासनंतर डॉक्टरांनी बाबांना सांगितलं होतं, समुद्रावर खुशाल जा, पण एकटे जायचं नाही. आईला बोट लागते. भाऊ परदेशात. उरले मी, आणि माझं काम लॅपटॉपवरचं, रोज सकाळी अकराला मीटिंग. मुंबईत गेटवेसमोर बोयाला (पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधलेली आमची सव्वीस फुटी शिडाची होडी म्हणजे बाबांचा निम्मा जीव. ऑक्टोबरात ती पाण्यात उतरली तेव्हा मी म्हटलं, त्यात काय, समोर कुलाबा दिसतंय, नेट मिळेलच. तीन आठवड्यांत पाच वेळा मीटिंग अर्ध्यात तुटली. ऑफिसने शेवटचं बजावलं, ते बाबांनी शेजारी बसून ऐकलं. दुसऱ्या दिवशी चहा पिताना ते म्हणाले, "विकून टाकू या होडी." इतक्या सहज म्हणाले की माझ्या घशाखाली चहा उतरेना.

तोवर मी एकाच दिशेचा सिग्नल पकडणारी अँटेना आणून होडीच्या उजव्या कठड्याला बांधली होती, कुलाब्याकडे तोंड करून. एका दुकानात बावीस हजारांचा बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारं यंत्र, दाखवून "हा लावा, काम फत्ते" असं सांगितलं होतं. तो घ्यायला निघाले असतानाच बाबांनी डॉकवर तुमची गाठ घालून दिली. तुम्ही एका ट्रॉलरवर वायरलेस उघडून बसला होतात. हातातलं काम न थांबवता म्हणालात, "बूस्टर घेऊ नकोस पोरी. परवानगीशिवाय लावणं गुन्हा आहे, आणि आजूबाजूच्या शंभर जणांचं नेट खराब होतं." सॅटेलाइट फोनचंही तेच, सरकारी परवान्याशिवाय बाळगायचा नाही. २०२५ च्या जूनमध्ये उपग्रहावरून नेट देणाऱ्या स्टारलिंकला भारतात परवाना मिळाल्याची बातमी बाबांनी कापून ठेवली होती, तीही त्यांनी खिशातून काढून दाखवली. तुम्ही ती नीट वाचलीत, घडी घालून परत दिलीत आणि म्हणालात, "येईल तेव्हा बघू. आज समोर टॉवर आहेत, त्यांचं आधी ऐकू."

होडीवर आलात आणि नेटला हातच लावला नाहीत. आधी आमचा व्हीएचएफ सेट, म्हणजे होडीवरचा वायरलेस, उघडलात. दोन वर्षं तो सुरू व्हायचा, खरखरायचा, आणि आम्ही समजत होतो चालतोय. डोलकाठीच्या पायथ्याशी केबलचा जोड खाऱ्या हवेने हिरवा पडला होता. आवाज बाहेर जातच नव्हता. तुम्ही जोड कापून नवा घातलात, टेप ताणून गुंडाळलीत, केबलला खाली एक झोळ ठेवलात म्हणजे पाणी जोडात न शिरता तिथून ठिबकून जाईल. मग बाबांकडे बघून म्हणालात, "नेट नसलं तर नोकरी जाईल. सोळा नंबरवरून, म्हणजे संकटाच्या चॅनेलवरून, हाक गेली नाही तर माणूस जाईल." बाबांना घेऊन मी महिनाभर त्या होडीवर बसत होते, काका. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग वही. शंभर पानी, शाळेची. आठ दिवस दर तासाला लिही म्हणालात: वेळ, होडीची नाळ (पुढचं टोक) कुठल्या दिशेला आहे, राउटरवरचा सिग्नलचा आकडा, वेग. फोनवरच्या दांड्या बघू नकोस, त्या फसवतात. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका बरा. आणि सगळ्यात वर तिथी लिही. तिथी कशाला, ते मला कळलं नव्हतं. बाबांना कळलं असावं, ते काही बोलले नाहीत.

आठव्या दिवशी तुम्ही वही चाळलीत आणि दोन मिनिटांत बोट ठेवलंत. भरतीला नाळ दक्षिणेकडे, आकडा उणे ८७, काम व्यवस्थित. ओहोटीला नाळ उत्तरेकडे, आकडा उणे १०८, मीटिंग तुटली. बोयाला बांधलेली होडी वारा फार नसेल तर पाण्याच्या ओढीकडे तोंड करते. म्हणजे दर सहा तासांनी माझी अँटेना कुलाब्याकडे पाठ फिरवून उरणकडे बघत होती! आणि भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून एका आठवड्यात जी अकराची मीटिंग भरतीत पडायची, ती पुढच्या आठवड्यात ओहोटीत. पुनवेच्या आसपास सगळं छान, अष्टमीला बट्ट्याबोळ. मी मोबाइल कंपनीला तीन तक्रारी केल्या होत्या. तुम्ही तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढून दाखवलीत, अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता. हे गणित तुमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारीसाठी वापरलं गेलं. माझ्या व्हिडिओ कॉलवर ते पहिल्यांदाच बसलं असेल.

पुढचं काम एका रविवारचं होतं. एका दिशेची अँटेना काढून चहूकडे ऐकणाऱ्या दोन लावल्यात, मागच्या कठड्यावर दोन मीटरच्या खांबाला. मी डोलकाठीच्या टोकाचा हट्ट धरला होता. तुम्ही समजावलंत की एवढ्या लांब केबलमध्येच निम्मा सिग्नल जिरेल, आणि फार ताकदीची अँटेना घेतली तर तिचा झोत भाकरीसारखा चपटा होतो, होडी कलली की तो एका बाजूला पाण्यात आणि दुसऱ्या बाजूला आभाळात. म्हणून बेताची अँटेना, राउटर तिथेच खांबाला पाणी न शिरणाऱ्या डब्यात, आणि खाली केबिनमध्ये फक्त नेटवर्कची केबल, तिच्यातूनच वीज. व्हीएचएफच्या अँटेनापासून लांब.

तरीही वेग मधेच पडायचा. तेव्हा तुम्ही सांगितलेलं मला फार आवडलं. गल्लीत इमारती आड येतात म्हणून फोन एक-दोन टॉवरच ऐकतो. पाण्यावर आड काहीच नाही, कुलाबा, उरण, पार अलिबागकडचेसुद्धा एकदम बोलतात, आणि राउटर याच्याकडून त्याच्याकडे उड्या मारत राहतो. दांड्या भरलेल्या, काम शून्य. तुम्ही फाइव्ह-जी बंद करून त्याला फोर-जीच्या १८०० मेगाहर्ट्झच्या एकाच बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) बांधलंत. त्या दिवसापासून ओहोटीतही पंचवीस मेगाबिटच्या खाली क्वचितच गेलं.

विजेचा हिशोब तुम्ही बाबांवर सोपवलात, तो मुद्दाम, हे मला नंतर उमगलं. राउटर आणि लॅपटॉप मिळून दिवसाला चारशे वॉट-तास, शंभर अँपिअर-तासाची बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नाही, लॅपटॉप इन्व्हर्टरवर न लावता थेट बारा व्होल्टवर. आजारपणानंतर पहिल्यांदा कुणीतरी बाबांना काम दिलं होतं. ते रोज सकाळी सोलर पॅनलवरची कावळ्या-घारींची घाण पुसायचे आणि व्होल्ट वहीत लिहायचे.

नोव्हेंबर ते मे एकही मीटिंग बुडाली नाही. सकाळी मतलई वाऱ्यात मी खाली काम करायचे, बाबा वर दोऱ्या तपासत बसायचे. काम आवरून वर आले की खारा वारा सुटलेला असायचा, मग शीड चढवून बंदरातल्या मिडल ग्राउंड बेटापर्यंत एक फेरी. होडी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

परवा पावसाळ्यासाठी होडी बाहेर काढली. खांब, अँटेना, राउटर घरी आणून पुसून ठेवलेत, तुम्ही सांगितलंत तसं प्रत्येक जोडाला ग्रीस लावून. वही बाबांकडे आहे. ते पंचांग घेऊन बसतात आणि ऑक्टोबरच्या तिथी भरतात. कोजागरीला होडी पाण्यात उतरवायची असं ठरलंय, दुपारी बाराच्या भरतीला. पहिली फेरी तुम्हाला घेऊन मारायची, हेही त्यांनीच ठरवलंय. त्या दिवसाची रजा मी आजच टाकली आहे.

तुमची,
शिडाच्या होडीवरची मुलगी