ताटापासून नको, टेकडीपासून सुरू कर

पुणे
श्रावणातला रविवार

प्रिय मन्या,

परवा तुझा फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ६.२ आलंय असं तू किती सहज सांगून टाकलंस, पण तुझ्या बाबांची शेवटची वर्षं आपण दोघांनी जवळून बघितलीयेत रे, सकाळ-संध्याकाळ ते इन्सुलिनचं पेन आणि पायाची ती न भरणारी जखम. ५.७ ते ६.४ हा मधला पट्टा आहे, अजून डायबेटीस नाही, इथून बरेच जण मागे फिरतात. तू पण फिरावंस असं फार मनापासून वाटतं म्हणून लिहायला बसलोय.

तू म्हणालास सोमवारपासून डाएट. मी तीन वेळा केलंय ते, ओट्स, उकडलेल्या भाज्या, काकडीचे डबे, दोन आठवड्यांच्या पुढे एकदाही गेलं नाही. चौथ्यांदा जमलं ते वेगळ्याच कारणाने. आमच्या शेजारचे अण्णा रोज पहाटे वेताळ टेकडीवर जातात, एक दिवस मला सोबत घेऊन गेले. खाण्यात काहीही बदल केला नव्हता, फक्त साडेपाचला उठायचं आणि एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने वर जाऊन खाणीपर्यंत चालून यायचं. पहिल्या आठवड्यात तर अर्ध्या वाटेत दगडावर बसायचो. तीनेक आठवड्यांनी एक गोष्ट झाली जी कुठल्याच डाएटने झाली नव्हती, मला सकाळी खरीखुरी भूक लागायला लागली, पोटातून येणारी. आणि त्या भुकेला बिस्किट-खारी चालतच नाही, तिला भाकरी लागते, पिठलं लागतं, सोबत कांदा. रात्री दहाला डोळे आपोआप मिटायचे, त्यामुळे अकरा वाजताचं फरसाण सुटलं, मी सोडलं नाही, ते सुटलं.

त्यानंतर मग ताट बदललं. चिकन-अंडी बंद झाली, पुढे दूधही. जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, थंडीत बाजरीची, मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी, आणि जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी रोज. तुला आठवतं ना, काकू कारळं भाजायच्या तेव्हा जिन्यापर्यंत वास यायचा? तेच सगळं. आणि तू तर बंगळुरात बसलायस, नाचणीच्या माहेरघरात! १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रामच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात साधारण १२०. रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि सारू, म्हणजे पातळ आमटी, दुपारी ऑफिसजवळ कुठेही मिळेल तुला. फक्त शुगरचं बघतोयस तर गोळा लहान घे आणि डाळ-भाजी जास्त, नाचणी झाली तरी पिठूळच आहे ती.

आत्ता तू इथे हवा होतास खरंच. मंडईच्या बाहेर मुळशी-भोरकडच्या मावश्या रानभाज्या घेऊन बसतायत, टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली. भारंगी कडू असते, उकळून पाणी पिळून टाकायचं आणि भिजवलेली मूगडाळ घालून परतायची. फोडशीच्या खालचा पांढरा भाग काढून टाकायचा, हे मला त्या मावशींनीच सांगितलं, जुडी हातात देताना, आणि सांगितल्याशिवाय त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळत नाहीत. एवढं ज्ञान पंधरा-वीस रुपयांच्या जुडीबरोबर मिळतं आणि आपण ते न घेता वर्षभर फ्लॉवर-कोबी खातो याचं मला फार वाईट वाटतं.

आता एक चूक सांगतो, ती तू करू नकोस. दूध बंद केल्यावर वर्षभराने माझ्या तळपायाला मुंग्या यायला लागल्या, सारखा थकवा, नावं आठवेनात. मला वाटलं चालण्याचा ताण असेल, म्हणून दोन महिने अंगावर काढलं. तपासलं तर बी१२ जीवनसत्त्व अगदी तळाला. शाकाहारी जेवणात, पूर्ण वनस्पतींवर असशील तर, बी१२ मिळतच नाही, ते जिवाणू बनवतात, आणि मी ते कुणाला विचारलंही नव्हतं. इंजेक्शनं घेतली, आता गोळी चालू आहे, मुंग्या गेल्या. आणि नीट ऐक, डॉक्टरांनी तुला मेटफॉर्मिन, ती शुगरची गोळी, दिलं तर त्याने पण लांबच्या काळात बी१२ कमी होतं, म्हणून आधीच तपासून घे आणि काय खातोयस ते त्यांना सांग. जेवणावर लगेच चहा पण नको, लोह अंगी लागत नाही, त्यापेक्षा पालेभाजीवर लिंबू पिळ.

टेकडीबद्दल मात्र किती लिहू. ऐन पावसाळ्यात नवरंग पक्षी येतो, झाडीतून त्याची दोन सुरांची शिट्टी ऐकली की अण्णा हात वर करून सगळ्यांना थांबवतात. मोर तर रोजच. गिरीपुष्प या परदेशी झाडाच्या एकसारख्या लागवडीतून पुढे गेलं की सालई, मोई, मेडशिंगी अशी आपली झाडं लागतात आणि हवाच बदलते. याच टेकडीला कापत बालभारती ते पौड फाटा रस्ता काढायचं घाटतंय, त्याविरुद्ध २०२३ च्या एप्रिलमध्ये मोर्चा निघाला तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा मोर्चात चाललो. ज्या जागेने मला बरं केलं तिच्यासाठी एवढं तरी करायलाच हवं ना.

तुझ्याकडे बंगळुरात लालबाग उद्यान आहे. तो मोठा खडक आहे ना आत, सुमारे तीनशे कोटी वर्षं जुना, आमच्या टेकडीचा काळा खडक, बेसॉल्ट, त्याच्यापुढे साडेसहा कोटींचं पोर. उद्या सकाळी त्याच्यावर चढ, एवढंच कर, महिनाभर खाण्यात काहीही बदल करू नकोस. वहिनींना घेऊन जा, एकट्याने कंटाळा येतो.

गणपतीला येतोयस ना? एक दिवस जास्त काढून ये. ग्रिपवाले बूट आण, खाणीच्या बाजूला शेवाळ फार आहे. काकूंना नमस्कार सांग आणि कारळ्याच्या चटणीत लसूण आधी भाजतात की कच्चा घालतात ते विचारून कळव, माझी तशी होत नाहीये.

तुझा,
अव्या