वाऱ्याचा वेग न सांगता विकली जाणारी घरं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'एका महिन्यात घर, कुठेही ठेवा, परवानगीची कटकट नाही' अशा जाहिराती हल्ली कोकणात एसटी स्टँडच्या भिंतीपासून मोबाईलपर्यंत सगळीकडे दिसतात. कारखान्यात तयार होऊन ट्रेलरवरून येणारं असं घर मी घेतलं आहे आणि त्यात राहतो आहे. ते घेताना मला जे कोणी सांगितलं नाही, ते इतरांना आधी कळावं म्हणून हे पत्र.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन तालुक्यातलं आमचं चिऱ्याचं कौलारू घर गेलं. आढं मोडलं, मागची भिंत बसली, राहिलं ते जोतं. पुन्हा बांधायचं तर गवंडी मिळेना, सुतार मिळेना, चिरा आणि वाळूचा दर रोज वेगळा. दोन पावसाळे चुलतभावाकडे काढल्यावर आई म्हणाली, "मला माझ्या जोत्यावर मरू दे." म्हणून प्रीफॅब घराकडे वळलो. २० बाय १० फुटांचे दोन भाग जोडून चारशे चौरस फूट.

कोटेशनवर घराची किंमत आणि १८ टक्के जीएसटी एवढंच होतं. वाहतूक, क्रेन, खालचा पाया, शौचालयाची टाकी, पाण्याची आणि विजेची जोडणी हे सगळं 'ग्राहकाच्या बाजूने'. ती बाजू अखेरीस घराच्या किमतीच्या निम्म्यावर गेली. बँकेने गृहकर्ज नाकारलं. घर जमिनीला बांधलेलं नाही, तारण कशाचं घ्यायचं, हा त्यांचा प्रश्न. वैयक्तिक कर्ज काढलं, व्याज अर्थातच जास्त.

दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. रस्त्यावरच्या मालवाहू वाहनाची रुंदीची सर्वसाधारण मर्यादा २.६ मीटर आहे, त्यापुढे वेगळी परवानगी लागते. हे मला कळलं ते ट्रेलर रात्रभर नाक्यावर अडकून पडल्यावर. आठ फुटी भाग घेतले असते तर हा प्रश्नच आला नसता. आमच्या वाडीत शिरताना तर रस्ताच संपतो, पुढे पाखाडी. पाऊण किलोमीटर हायड्रा क्रेनने एकेक भाग उचलून आणला. वायरमनने वाडीची लाइट बंद ठेवली, शेजाऱ्यांनी आपल्या आंब्याच्या दोन फांद्या तोडू दिल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आता मुख्य मुद्दा. कंपनीच्या माणसांनी दोन्ही भाग काँक्रीटच्या खांबांवर नुसते टेकवले आणि निघायची तयारी केली. "बोल्ट कुठे आहेत?" मी विचारलं. "सर, वजनच एवढं आहे, हलतंय कुठे?"

मी तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. त्या रात्री वही घेऊन बसलो. आपल्याकडे इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आहे, आयएस ८७५, भाग ३. त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. या वेगाचा वारा दर चौरस मीटरला साधारण ११८ किलो दाबाने ढकलतो. वीस फूट लांब, नऊ फूट उंच भिंतीवर हा भार होतो जवळजवळ दोन टन. छप्पर वर उचलणारा जोर वेगळाच. आणि क्रेनवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या एका भागाचं वजन होतं अडीच टन. नुसती टेकलेली वस्तू सरकायला तिच्या वजनापेक्षा कमी जोरही पुरतो. हिशेब ढोबळ आहे, पण ज्या जोत्यावरून चिऱ्याचं घर गेलं, त्याच जोत्यावर आईला न बांधलेल्या पेटीत झोपवायचं नाही, हे ठरवायला तेवढा पुरेसा होता.

शेवटी श्रीवर्धनच्या एका वेल्डरने प्रत्येक खांबात भोकं पाडून रसायनाने पक्के बसवलेले बोल्ट आणि तळाच्या चौकटीला पोलादी पट्ट्या जोडून दिल्या. घराच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ होता. कारखान्यातच ही सोय ठेवली असती तर त्याहून कमी लागला असता.

इतर त्रास सांगायचे तर दोन भागांच्या सांध्यातून पहिल्याच पावसात पाणी आलं. घराला पडवी नाही, पागोळ्या थेट भिंतीवर, खाऱ्या हवेने वर्षभरात तळाच्या चौकटीला गंज धरला. आम्ही वरून स्वतंत्र सांगाडा उभारून, त्यालाही तसेच बोल्ट मारून, मंगलोरी कौलं घातली, चारी बाजूंनी तीन फूट बाहेर काढली. तेव्हापासून घर गळत नाही आणि एप्रिलमध्ये तापतही नाही. भिंतीच्या पत्र्यांमध्ये काय भरलंय तेही घेणाऱ्याने विचारावं. थर्माकोल, पफ (पॉलियुरेथेन फोम) आणि रॉकवूल (दगडापासूनची लोकर) यांत आगीच्या दृष्टीने फार फरक आहे.

परवानगीचं म्हणाल तर ती लागतेच. गावठाणातसुद्धा ग्रामपंचायतीला विचारावं लागतं. मी आधी विचारलं नाही, ही माझी चूक. ग्रामसेवकांनी समजून घेतलं, पण नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, नोंद व्हायला सात महिने गेले आणि तोवर वीज शेजारच्याच घरातून.

अमेरिकेत अशा घरांना १५ जून १९७६ पासून देशभर एकच संहिता लागू आहे. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात ही घरं मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाली, तेव्हा १९९४ मध्ये किनारी भागांसाठी वाऱ्याचे नियम कडक केले. तिथे प्रत्येक भागावर बाहेरून लाल रंगाची धातूची पट्टी असते आणि घराच्या आत एक पत्रक चिकटवलेलं असतं. हे घर कोणत्या वारा-क्षेत्रासाठी बनवलं आहे, ते त्यावर छापलेलं असतं.

असं एक पत्रक आपल्याकडे का नको? कोणत्या वेगाच्या वाऱ्यासाठी घर बनवलं, जमिनीला कसं बांधायचं, भिंतीत काय आहे, किमतीत काय धरलेलं नाही, एवढं एका पानावर, अभियंत्याच्या सहीने. ते नसेल तर विक्री नाही. महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणारी राज्याची यंत्रणा, इथे उपयोगी नाही, कारण एकटंदुकटं घर तिच्या कक्षेत येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यानंतर वाचलेल्या कुटुंबांना शासनाने कंटेनरच्या घरांतच आसरा दिला होता. संकटात शासन स्वतः ज्या प्रकारच्या घरांवर भिस्त ठेवतं, त्यांचा नियम लिहून काढणं त्याला जड जाऊ नये. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांपासून सुरुवात करावी.

गेल्या महिन्यात आमच्या वाडीतल्या दोघांनी अशाच घरांसाठी आगाऊ रक्कम भरली. दोघांचीही कोटेशनं मी वाचली. वाऱ्याचा उल्लेख एकावरही नाही. पावसाळ्याआधी दोघांकडे वेल्डरला घेऊन जाणार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. श्रीवर्धन, जि. रायगड