शिष्यवृत्ती घ्या, पण वर्गावरही या

महोदय,
गणित, भौतिकशास्त्र, संगणक या विषयांना शिक्षक मिळेनात म्हणून इंग्लंडमध्ये प्रशिक्षणार्थींना घसघशीत शिष्यवृत्ती देतात. २०२४-२५ साली भौतिकशास्त्रासाठी ती ३० हजार पौंड होती. उद्योगातला पगार खुणावत असताना एवढे आमिष हवेच. खटकते ते पुढचे : नंतर शाळेत शिकवण्याची सक्तीच नाही! अमेरिकेतील नॉइस शिष्यवृत्तीत मात्र मदतीच्या प्रत्येक वर्षामागे गरजू भागातल्या शाळेत दोन वर्षे शिकवावे लागते. नाहीतर त्या रकमेचे कर्ज होते. मला हेच पटते. शिवाय काही रक्कम राखून, शिक्षक वर्गात टिकल्यावर द्यावी. सगळी थैली प्रशिक्षणातच रिकामी करण्याची घाई कशाला?

– एक निवृत्त शिक्षक