चकली मोडायला लावणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

हे खरं तर तुमच्या ओट्याशी उभं राहून सांगायला हवं. पण आभाराचं काही काढलं की तुम्हाला नेमका गॅस आठवतो. म्हणून इथंच, चारचौघांत.

यूजीसी (युजर-जनरेटेड कंटेंट, म्हणजे साध्या ग्राहकासारखे व्हिडिओ कंपन्यांना करून द्यायचं काम) म्हणजे काय हे पहिल्यांदा सांगायला आले, तेव्हा तुम्ही विचारलंत, "फॉलोअर्स किती तुझे?" २१२. "मग तुला पैसे कोण देणार गं?" मी म्हटलं, व्हिडिओ माझ्या अकाउंटवर टाकायचाच नसतो, कंपनी तो तिच्या जाहिरातीत वापरते. तुम्ही भाजणी चाळता चाळता म्हणालात, "म्हणजे आचारी तू, पंगत त्यांची." आजही कुणी विचारलं की मी हेच सांगते.

पोर्टफोलिओत दाखवायला काम नव्हतं आणि काम मिळायला पोर्टफोलिओ नव्हता. तुम्ही चकल्यांचा डबा पुढे सरकवलात. मी फोन तूरडाळीच्या डब्याला टेकवून उभा केला, "नमस्कार मंडळी"पासून सुरुवात केली आणि ४० सेकंद बोलत राहिले. तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, "चकली कुठाय यात? आधी मोडून दाखव की." मग एक्झॉस्ट बंद केला, खिडकीकडे तोंड केलं आणि कानाजवळ येईल असा कट्‌कन आवाज. पहिल्या दोन सेकंदांत तेवढंच. पुढे पिठाचे हात, सोऱ्यातून उतरणारं वेटोळं, तेलातले विरत जाणारे बुडबुडे. १८ सेकंदांत संपलं. सात वेळा शूट केलं, सहा वेळा तुमच्या कुकरची शिट्टी आली. (तो कुकर मी माफ केलेला नाही.)

त्या व्हिडिओखाली मी एका ब्रँडचं नाव टाकणार होते, जणू त्यांनीच काम दिलंय. तुम्ही नुसतं पाहिलंत माझ्याकडे. मी 'सरावासाठी केलेला नमुना' असं लिहिलं. पुढे शाम्पूचा आणि स्टीलच्या डब्यांचा व्हिडिओ घरच्याच वस्तू घेऊन केला, त्यांच्याखालीही तेच आहे. त्यावरून आजवर कुणी मला नाही म्हटलेलं नाही.

एका कंपनीनं मात्र "पोर्टफोलिओला उपयोग होईल" म्हणत चार व्हिडिओ फुकट मागितले. मी हो म्हणायच्या बेतात होते. तुम्ही म्हणालात, "चव बघायला मी एक चकली देते. किलोभर नाही." मी त्यांना तयार नमुन्यांची लिंक पाठवली, पुढे त्यांचं उत्तर आलं नाही. आता मी दर सांगताना व्हिडिओ जाहिरातीत किती दिवस चालवणार तेही विचारते. ३० दिवसांचे पैसे वेगळे, कायमचे वेगळे.

गेल्या आठवड्यात पहिलं पैशाचं काम आलं, साबणाचं. त्यांनी लिहिलं होतं, "तो चकलीचा आवाज आवडला."

तुमचा पितळी सोऱ्या अजून माझ्याकडेच आहे. रविवारी आणून देते. शेवेची चकती सापडत नाहीये, तेवढं ओरडू नका.

तुमची,
वरच्या मजल्यावरची